गोव्याचा डेम्पो आणि हंगेरीचा होनवेद

२०११ च्या जनगणनेत आपल्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख भरली. त्याच जनगणनेत अख्ख्या गोवा राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे माणसांच्या हिशेबात गोवा हा आपल्या एका जिल्ह्याहून थोडासाच मोठा. पण २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांमध्ये भारताची फुटबॉलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा गोव्याच्या संघांनी आठ वेळा जिंकली. राहिलेलं एक विजेतेपद मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेलं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या नामवंत संघांना त्या नऊ वर्षांत हात हलवत परत जावं लागलं. गोव्याच्या त्या आठ विजेतेपदांपैकी पाच एकाच क्लबची होती. त्या क्लबचं नाव डेम्पो स्पोर्ट्स क्लब. आज त्याची गोष्ट सांगायची आहे.

आता तुम्ही म्हणाल, अल्लीपूरच्या माणसाला गोव्याच्या फुटबॉलचं काय पडलं आहे? हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव कापसाचं, तुरीचं, सोयाबीनचं. पोरं कबड्डी खेळतात, क्रिकेट खेळतात. फुटबॉल बघायचा तो विश्वचषकाच्या वेळी, टीव्हीवर. पण सामने भरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांना दरवर्षी एक प्रश्न पडतो, तो मी जवळून पाहिला आहे. बक्षिसाचे आणि बनियनचे पैसे कोण देणार? कधी एखादा दुकानदार देतो, कधी जिनिंगवाला देतो, निवडणूक जवळ आली असली तर पुढारी देतो. ज्याने पैसे दिले त्याचं नाव पोरांच्या पाठीवर येतं. पुढच्या वर्षी त्याने हात आखडता घेतला, तर तो संघ टिकतो की मोडतो? गावपातळीवरचा हाच प्रश्न डेम्पोच्या इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. आणि तो नीट समजून घ्यायचा तर हंगेरीतल्या एका क्लबकडेही बघावं लागतं, कारण तिथे पैसे देणारा धनी प्रत्यक्ष सरकार होतं.

सुरुवात गोव्यापासून करू. तिथे फुटबॉलचा आरंभ १८८३ सालचा मानतात. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे ब्रिटिश पाद्री प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीला येऊन राहिले आणि त्यांनी तिथल्या पोरांना या खेळाची गोडी लावली. राज्य पोर्तुगीजांचं आणि खेळ आणला ब्रिटिश धर्मगुरूने, ही त्यातली गंमत. पुढे हडफड्याच्या सेंट जोसेफ शाळेतून आणि चर्चच्या इतर शाळांमधून खेळ गावोगाव पसरला. भाताची कापणी झाली की शेतं मोकळी होत. त्याच शेतात दोन्ही टोकांना खांब रोवायचे आणि गावच्या फेस्ताच्या सुमारास शेजारच्या गावांशी सामने लावायचे. पावसाळा आला की मैदानाचं पुन्हा शेत व्हायचं. आपल्याकडे जत्रेला जशी कुस्त्यांची दंगल, तसा तिकडे फेस्ताला फुटबॉल.

पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी हा खेळ बरोबर नेला. धोबी तलावच्या परिसरात त्यांचे ‘कूड’ असत. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. मुंबईत रोव्हर्स कप ही स्पर्धा १८९१ पासून चालू होती, आणि पुढे कूपरेजचं मैदान हे या खेळाचं मोठं ठिकाण झालं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारा नेव्हिल डिसूझा हा याच परंपरेतला, मूळ गोव्याच्या घराण्यातला मुंबईकर. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्याच्या मागे उभ्या असलेल्या गोव्यावर मात्र तेव्हा पोर्तुगालचा झेंडा होता. गोव्याची फुटबॉल संघटना डिसेंबर १९५९ मध्ये स्थापन झाली आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला.

गावचा खेळ होता, गावची पोरं होती. पैसा आला तो डोंगरातून. डिचोली, सत्तरी, सांगे हे गोव्याच्या पूर्वेकडचे तालुके लोहखनिजाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पोलादाचे कारखाने पुन्हा उभे केले, तेव्हा त्यांना हे खनिज हवं होतं. डोंगर फोडायचा, खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणायचं, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी किंवा जुवारी नदीतून मुरगाव बंदरात न्यायचं, आणि मोठ्या जहाजाने परदेशी पाठवायचं, असा हा धंदा. त्यात जी घराणी वर आली त्यांत साळगावकर, चौगुले, तिंबले आणि डेम्पो ही नावं ठळक. साळगावकरांचा फुटबॉल संघ १९५६ चा. डेम्पो क्लबची मुळं डिचोलीतल्या एका स्थानिक संघात आहेत. साठच्या दशकात वसंतराव डेम्पो यांच्या उद्योगसमूहाने तो चालवायला घेतला आणि क्लबचं ठाणं पणजीला आलं. मराठी दैनिक ‘नवप्रभा’ आणि इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ ही वृत्तपत्रंही याच घराण्याची, हे मराठी वाचकांना ठाऊक असेल.

कंपनीचा संघ म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना थोडं समजावून सांगावं लागेल. त्या काळी भारतात फुटबॉल खेळून पोट भरायचं तर तुम्हाला कुणीतरी नोकरी द्यावी लागे. रेल्वे देत असे, पोलीस खातं देत असे, बँका, गिरण्या आणि तेल कंपन्या देत असत. नाव हजेरीपटावर, पगार महिन्याच्या महिन्याला आणि खरं काम मैदानावर. गोव्यात ही जागा खाण कंपन्यांनी घेतली. शेतात अनवाणी खेळणाऱ्या एखाद्या हुशार पोराला त्यातून नोकरी मिळे, घर चाले आणि त्याच्या वाडीत त्याला मान मिळे. मालकालाही त्यात लाभ होताच. कामगारांच्या आणि गावकऱ्यांच्या मनात कंपनीचं नाव आपुलकीने राही. डोंगर पोखरताना शेतात वाहून येणारा तांबडा गाळ आणि वाटेवरची धूळ सोसणारी गावंही तीच होती, हे विसरता येत नाही. ज्या मातीने खेळाडूंचे पगार दिले, तिनेच अनेकांची भातशेती खराब केली. क्लबच्या इतिहासाला हा रंग पहिल्यापासून आहे.

१९७४ साली डेम्पोने रोव्हर्स कप जिंकला. त्याआधी गोव्याच्या एकाही क्लबला तो मिळाला नव्हता. कोलकाता, हैदराबाद आणि मुंबईच्या संघांची ती मक्तेदारी. मुक्त होऊन तेरा वर्षं झालेल्या एका चिमुकल्या प्रदेशाचा संघ कूपरेजवर येऊन हा करंडक घेऊन गेला, याचं गोव्याला केवढं अप्रूप वाटलं असेल! पुढे १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्तपणे आणि लगेच पुढच्या वर्षी एकट्याने संतोष करंडक जिंकला. त्या पिढीचा गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर भारताचा कर्णधार झाला आणि २०२२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. तो साळगावकरचा खेळाडू. हे मुद्दाम सांगतो, कारण डेम्पो आणि साळगावकर यांची चुरस गोव्यात घराघरांत वाद पेटवणारी होती आणि त्या चुरशीनेच दोन्ही संघ वाढले.

१९८९ च्या जानेवारीत मडगावजवळ फातोर्ड्याचं नवं स्टेडियम नेहरू चषकाच्या सामन्यांनी सुरू झालं. तो चषक हंगेरीने सोव्हिएत संघाला हरवून जिंकला. ज्यांना फुटबॉलचा इतिहास माहीत होता, त्यांना या सामन्यात एक जुनी ठसठस नक्की जाणवली असेल. तिचं कारण सांगण्यासाठी आपण थोडा वेळ गोवा सोडून बुडापेस्टला जाऊ.

बुडापेस्टच्या आग्नेय टोकाला किशपेस्ट नावाची कामगारवस्ती आहे. तिथला क्लब १९०९ चा. फेरेंत्स पुश्काश आणि योझेफ बोझिक ही शेजारशेजारच्या घरांत वाढलेली दोन पोरं याच क्लबमध्ये खेळून मोठी झाली. पुश्काशचे वडील त्याच क्लबचे प्रशिक्षक. म्हणजे हा अगदी मोहल्ल्याचा संघ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत कम्युनिस्ट राजवट आली आणि १९४९ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने हा क्लब आपल्या ताब्यात घेतला. नाव ठेवलं होनवेद, म्हणजे देशाचा रक्षक, शिपाई. आता सैन्याला संघ बांधायचा तर पैसा लागत नाही, भरतीचा हुकूम पुरतो. कोचिश, त्सिबोर, बुदाई, गोलरक्षक ग्रोशिच असे देशातले उत्तमोत्तम खेळाडू सैन्यात दाखल करून होनवेदमध्ये आणले गेले. पुश्काशलाही लष्करी हुद्दा मिळाला. इंग्लंडचे पत्रकार त्याला ‘गॅलपिंग मेजर’ म्हणत, ते त्यामुळेच.

हा संघ किती भारी होता? १९४९-५० ते १९५५ या काळात होनवेदने हंगेरीची साखळी पाच वेळा जिंकली. देशाच्या राष्ट्रीय संघाचा कणा म्हणजे होनवेदचेच खेळाडू. त्या राष्ट्रीय संघाने २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्ब्लीच्या मैदानात इंग्लंडला ६-३ असं हरवलं. फुटबॉलची जन्मभूमी म्हणवणाऱ्या इंग्लंडने घरच्या मैदानावर युरोपच्या मुख्य भूमीवरल्या संघाकडून तोवर कधी हार खाल्ली नव्हती. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाने दिव्यांच्या प्रकाशात खेळून होनवेदला ३-२ असं नमवलं. तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना आपला संघ जगज्जेता झाल्यासारखं वाटलं. हे ऐकून एका फ्रेंच क्रीडापत्राने विचारलं की मग सगळ्या देशांचे विजेते क्लब आपसांत का खेळत नाहीत? त्यातूनच युरोपियन कप निघाला. आज चॅम्पियन्स लीग म्हणून पोरं रात्र जागून जी स्पर्धा बघतात, तिच्या जन्मकथेत होनवेदची ही हार आहे.

आणि मग १९५६ आलं. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. होनवेदचा संघ युरोपियन कपच्या सामन्यासाठी परदेशात होता. २२ नोव्हेंबरला स्पेनमधल्या बिल्बाओ इथे ते २-३ असे हरले. परतीचा सामना बुडापेस्टला होणं शक्यच नव्हतं. तो डिसेंबरमध्ये ब्रसेल्सला झाला, ३-३ असा बरोबरीत सुटला आणि होनवेद स्पर्धेबाहेर गेला. घरी जावं की नाही, या पेचात संघ सरकारचा आणि फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा विरोध पत्करून ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला. दौरा संपला आणि संघ फुटला. पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतले नाहीत. पुश्काशवर बंदी आली. ती संपल्यावर १९५८ मध्ये तो रिअल माद्रिदला गेला, बाकीचे दोघे बार्सिलोनाला. ज्या क्लबला जगात तोड नव्हती, तो १९५७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचला. नंतरचं विजेतेपद मिळायला १९८० उजाडावं लागलं.

बोझिक मात्र घरी परतला. किशपेस्टच्या मैदानाला त्याचं नाव आहे. सरकारने दिलेलं सगळं सरकारच्या फेऱ्यात गेलं, पण किशपेस्टच्या वस्तीने जे दिलं होतं ते वस्तीत शिल्लक राहिलं. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला बुडापेस्टला घेऊन गेलो. आता परत पणजीला येऊ.

१९९६ मध्ये भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. तोवर आपल्याकडे प्रतिष्ठा होती ती बाद पद्धतीच्या करंडकांना. आता वर्षभर, देशभर फिरून खेळायचं. त्यासाठी प्रवासाचा खर्च, परदेशी खेळाडू आणि पूर्णवेळ प्रशिक्षक हवे. १९९८-९९ मध्ये साळगावकरने ही लीग जिंकली आणि गोव्याला वाट दिसली. डेम्पोने संघाची सूत्रं आर्मांदो कुलासो या गोव्याच्याच प्रशिक्षकाकडे दिली. २००० पासून पुढे एक तपाहून अधिक काळ ती त्यांच्याकडे होती. जिथे दोन सामने हरले की प्रशिक्षकाला नारळ देतात, तिथे हा धीर विशेष म्हणायचा.

२००४ च्या हंगामाआधी डेम्पोने ईस्ट बंगालकडून क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या आक्रमकाला आणलं. वय अवघं २५. आदल्याच हंगामात त्याने ईस्ट बंगालला लीग जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला होता. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरच्या कंठीरव स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. ज्युनियरने एक गोल केला. उत्तरार्धात दुसरा केला, पण तो करतानाच गोलरक्षकाशी त्याची धडक झाली आणि तो कोसळला. तो पुन्हा उठलाच नाही. वेळेवर पुरेसे वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत, अशी टीका तेव्हा सर्वत्र झाली. डेम्पोने सामना २-० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचे. करंडक हाती आला आणि तो मिळवून देणारा गेला. क्लबने त्याचा १० क्रमांकाचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला. त्या हंगामात उरलेले सगळे सामने डेम्पोचे खेळाडू हे ओझं मनावर घेऊन खेळले आणि २००४-०५ ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली. क्लबचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. दुसऱ्या क्रमांकावरही गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब होता.

नंतर २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असं करत पाच विजेतेपदं पूर्ण झाली. मधल्या काळात राष्ट्रीय लीगचं नाव आय-लीग झालं. २००६ मध्ये ड्युरँड कपही आला. २००८ मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी कप स्पर्धेत डेम्पोने उपांत्य फेरी गाठली. तिथवर त्याआधी एकही भारतीय क्लब पोचला नव्हता. रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा आणि बेटो हा ब्राझीलचा खेळाडू गोल करत, गोल घडवत. पण संघाचा मधला गाभा पाहा: महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. सगळी गोव्याची पोरं आणि सगळी भारताकडून खेळलेली. हिंदू आणि ख्रिस्ती नावं एका संघात इतकी सहज बसलेली दिसतात, तेही गोव्याच्या फुटबॉलचं वैशिष्ट्य आहे. चर्चच्या अंगणात जन्मलेला खेळ देवळाच्या वाड्यावर कधीच पोचला होता.

बाहेरून सगळं भरभराटीचं दिसत असताना पाया मात्र हलत होता. चीनच्या मागणीमुळे खनिजाचे भाव चढलेले असताना, २००९ च्या जूनमध्ये डेम्पो समूहाने आपला खाण व्यवसाय १७५० कोटी रुपयांना सेसा गोवा कंपनीला विकला. क्लब समूहाकडेच राहिला, पण ज्या धंद्यातून तो उगवला होता तो धंदा गेला. तिकडे बेकायदा खाणकामावर न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. ट्रक दारात उभे राहिले, बार्ज नांगरून पडल्या. २०१४ मध्ये काही अटींवर बंदी उठली, पण २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि काम पुन्हा थांबलं. जे पर्यावरणाच्या बाजूने लढले त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ज्यांची रोजी बुडाली त्यांचं दुःखही खोटं नव्हतं.

२०१४ मध्येच इंडियन सुपर लीग सुरू झाली. रोषणाई, टीव्ही, सिनेमा आणि क्रिकेटमधले तारे, निवृत्तीला आलेले परदेशी नामवंत खेळाडू. शहरांच्या नावाने नवे संघ विकले गेले. गोव्याचा संघ झाला एफसी गोवा, आणि सुरुवातीला त्याच्या मालकांमध्ये खुद्द श्रीनिवास डेम्पो आणि दत्तराज साळगावकर होते. जुने धनी नव्या बाजारातही उतरले होते. इकडे डेम्पो क्लब २०१४-१५ च्या आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून त्याने वर यायचा हक्क मिळवला. तेवढ्यात राष्ट्रीय महासंघाने नवा आराखडा मांडला. सुपर लीग हीच देशातली पहिली श्रेणी ठरणार, आय-लीग तिच्या खाली जाणार, आणि खालून वर चढायची वाट नाही. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतलं. जिंकून वर जाता येत नसेल तर खेळायचं कशाला, हा त्यांचा सवाल होता. मला तो रास्त वाटतो. आमच्या तालुक्याच्या कबड्डीतही हरणारा बाहेर जातो आणि जिंकणारा पुढे जातो. पैसे भरून पुढच्या फेरीत बसता येऊ लागलं, तर प्रेक्षक दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही.

त्या वेळी अनेकांनी डेम्पोचा मृत्युलेख लिहून टाकला असता. तशी उदाहरणं ताजी होती. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये लीग आणि फेडरेशन कप दोन्ही जिंकले होते, तरी २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता, पंजाबचा जेसीटी, २०११ मध्ये बंद झाला. दोन्ही संघांचा खेळ चांगला होता, प्रशिक्षक चांगले होते. बंद करण्याचा निर्णय कार्यालयात झाला आणि तो रोखायला रस्त्यावर यावं असं वाटणारी वस्ती त्यांच्यामागे नव्हती.

डेम्पो राहिला. राष्ट्रीय स्पर्धा सोडली तरी गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये तो खेळत राहिला. लहान वयोगटांचे संघ चालू राहिले. पाच विजेतेपदांच्या काळात खेळलेला समीर नाईक पुढे त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. वर्षानुवर्षं बातम्यांत नाव नव्हतं, पण म्हापसा, मडगाव, पणजीच्या आसपास रविवारी सामना होत होता आणि बघायला माणसं येत होती. २०२३-२४ च्या हंगामात डेम्पोने तिसऱ्या पायरीवरून खेळून वर यायचा मान मिळवला आणि २०२४-२५ मध्ये तो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. ज्या सुपर लीगपुढे जुन्या क्लबांची किंमत शून्य ठरली होती, तिचाच २०२५-२६ चा हंगाम आयोजकांनी करारांच्या घोळामुळे २०२५ च्या जुलैमध्ये अनिश्चित काळासाठी थांबवून ठेवला. होनवेदही आहे. २०१७ मध्ये तो पुन्हा हंगेरीचा विजेता झाला, २०२३ मध्ये खालच्या श्रेणीत गेला, पण किशपेस्टच्या लोकांनी त्याला सोडलेलं नाही.

या दोन क्लबांच्या इतिहासातून मी एवढंच घेतो. विजेतेपदं धन्याच्या बळावर येतात. सैन्याच्या हुकमाने आली, खाणीच्या पैशाने आली. ते बळ कधी ना कधी जातं, कारण राजवटी बदलतात आणि खाणी संपतात. आपण विदर्भातल्या लोकांनी हे पाहिलं आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्या भोंग्यावर चालणारं सगळं जगणं विस्कटलं. पण आपल्याच अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभी केलेली हनुमान व्यायाम शाळा, जिच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, ती शंभर वर्षं ओलांडून चालू आहे. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आजही तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. कंपनी आली काय आणि गेली काय, पेठ तिथेच आहे.

म्हणून गावोगावच्या मंडळांना माझं सांगणं आहे. देणगी जरूर घ्या, देणाऱ्याचं नावही पाठीवर छापा, त्यात कमीपणा नाही. पण छातीवर गावाचं नाव ठेवा. देणगीतला काही भाग दरवर्षी बाजूला काढून दहा-बारा वर्षांच्या पोरांचा सराव चालू ठेवा, आणि मैदानाची जागा गावाच्या नावावर करून घ्या. बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. धनी गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर कुणी उतरतं की नाही, यावरच क्लबचं आयुष्य ठरतं. डेम्पोची पोरं उतरली.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)